तांब्यावरचं सीव्हीडी ग्राफीन, आठ महिन्यांनंतर: वाढतं छान, उचलताना रडवतं

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पदर आणि सीव्हीडी म्हणजे तो भट्टीत, तापलेल्या फॉइलवर वायूतून वाढवायची पद्धत. परवा अशा ग्राफीनच्या लागोपाठ चौथ्या ट्रान्झिस्टरचा डिरॅक बिंदू (ज्या गेट व्होल्टेजला सर्वांत कमी करंट जातो; स्वच्छ ग्राफीनमध्ये तो शून्याजवळ हवा) +४५ व्होल्टवर निघाला. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं.

सुरुवातीला मी चिकटपट्टीनंच ग्राफाइट सोलत होतो, २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी सोललं तसं. त्या पापुद्र्यांच्या दर्जाला आजही तोड नाही. पण ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा थर असलेल्या सिलिकॉन वेफरवर एकेरी पदराची ती फिकट जांभळी छटा शोधण्यात आख्खी दुपार जाते आणि हाती लागतो काही मायक्रॉनचा तुकडा. म्हणून भट्टीकडे वळलो. सुमारे १००० अंश सेल्सिअस, मिथेन, हायड्रोजन. कार्बन तांब्यात जेमतेमच विरघळतो, त्यामुळे पृष्ठभाग झाकला गेला की वाढ बहुतांशी आपोआप थांबते. निकेलमध्ये तो आत मुरतो आणि थंड होताना कुठे एक पदर, कुठे चार.

तिसऱ्या महिन्यात रामन वर्णपटात (लेसरचा प्रकाश पाडून घेतलेल्या) १३५० प्रति सेंटीमीटरजवळचं डी शिखर, म्हणजे ग्राफीनमधल्या दोषांची खूण, डोकं वर काढू लागलं. भट्टीच्या सर्व्हिसवाल्याचं एकच पालुपद: तुमची फॉइल खराब. तीनदा नवी फॉइल आणली, फरक शून्य. शेवटी लीक टेस्ट मीच केली. क्वार्ट्झ नळीच्या टोकाची ओ-रिंग चिरली होती! आत शिरणारा ऑक्सिजन ग्राफीन कुरतडत होता. रिंग बदलली, शिखर बसलं. भट्टीबद्दलचं माझं वाईट मत मी त्या दिवशी मागे घेतलं.

माझा सगळा राग आता पीएमएमएवर आहे, म्हणजे ग्राफीन तांब्यावरून उचलताना आधाराला लावतात त्या प्लास्टिकवर. ग्राफीनवर त्याचा थर द्यायचा, खालचं तांबं अमोनियम परसल्फेटमध्ये विरघळवायचं, तरंगणारी फिल्म वेफरवर झेलायची आणि थर ॲसिटोनने धुवायचा. तो पुरता धुतला जातच नाही. कोमट ॲसिटोन झाला, रात्रभर बुडवून झालं, हायड्रोजन-आर्गॉनमध्ये ३५० अंशांवर तापवून झालं. एएफएममध्ये (अणुबल सूक्ष्मदर्शकात) ठिपके आहेतच. हा गाळ आणि खाली अडकलेलं पाणी मिळून ग्राफीनला होल-डोप करतात, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन कमी करतात, म्हणून डिरॅक बिंदू उजवीकडे पळतो. (तांबं विरघळवायला फेरिक क्लोराइडच्या वाटेला जाऊ नका, वर लोखंडाचे अवशेषही राहतात.)

शिवाय दरवेळी चांगली फॉइल विरघळवून टाकायची, हे मला बघवत नाही. म्हणून गेले दोन महिने फॉइलला कॅथोड करून सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सोडतो. हायड्रोजनचे बुडबुडे फिल्म अलगद सोडवतात. करंट जास्त झाला तर फाडतातही, माझ्या पहिल्या तीन फाटल्या. पण आता एकाच फॉइलवर सातवी वाढ चालू आहे आणि मी मनापासून खूश आहे.

सिलिकॉन कार्बाइडच्या वेफरवर ग्राफीन थेट वाढतं, तिथे ट्रान्सफरची, म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवण्याची, भानगडच नाही, हे मान्य. पण तो वेफर इतका महाग की चुका करत शिकायला परवडत नाही.

पुढच्या आठवड्यात पीएमएमएऐवजी पॅराफिन लावून बघणार आहे. डिरॅक बिंदू १० व्होल्टच्या आत आला तर आकडा इथेच खाली टाकतो.