शॉर्टवेव्हचा पहिला रेडिओ: पीएल-३३० की डी-८०८?

"मामा, शॉर्टवेव्हचा रेडिओ घ्यायचाय, कोणता घेऊ?" भाच्याने संभाजीनगरच्या चौथ्या मजल्यावरून फोन केला. आठ दिवसांनी त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, सेनगावकडच्या शेतातून हेच विचारलं. बापलेकांना मी दोन वेगळी नावं सांगितली, म्हणून दोघंही थोडे फुगले.

शॉर्टवेव्ह म्हणजे दूरदेशची केंद्रं पकडून देणाऱ्या रेडिओ लहरी. पण आधी अपेक्षा जमिनीवर आणू. बीबीसीची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्हवरून गेली. गीतमाला ऐकायला रेडिओ सिलोन लावायचे ते दिवसही गेले. तरी आकाश रिकामं नाही. चीनचं केंद्र घरातल्यासारखं मोठ्याने लागतं, रोमानिया लागतं, आणि सात मेगाहर्ट्झवर हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे लोक, गप्पा मारताना सापडतात. रात्री पाच ते सात मेगाहर्ट्झकडे फिरा, दुपारी तेरा ते सतराकडे. शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी केंद्रं आपल्या फ्रिक्वेन्सी बदलतात. कालपर्यंत लागणारं केंद्र आज लागेना, तर सेटला दोष देऊ नका.

सगळ्यात स्वस्त पर्याय टेकसन आर-९०१२. काट्याचा सेट, दोन पेन्सिल सेल, म्हणजे गावच्या किराणा दुकानावर भागलं. पहिला सेट म्हणून मी तो सुचवत नाही. काटा नेमका कुठे आहे ते कळत नाही, आणि नवख्याला तर तेच कळायला हवं असतं. अशा साध्या सेटवर एकच जोरदार केंद्र ९१० किलोहर्ट्झ खाली दुसऱ्यांदा ऐकू येतं. माणूस वहीत दोन केंद्रं लिहून खूश होतो. मी स्वतः बारा बँडचा एक बिननावाचा 'वर्ल्ड रिसीव्हर' घेतला होता. त्याच्या बाराही बँडवर गावातलं एफएम यायचं!

खरी लढत टेकसन पीएल-३३० आणि एक्सएचडेटा डी-८०८ यांच्यात. किमती जवळपास एकाच पट्टीतल्या, आणि दोन्ही बाहेरून मागवले तर कस्टमचा खर्च वेगळा धरा. दोन्हींवर आकडे दाबून थेट फ्रिक्वेन्सीवर जाता येतं. एसएसबी, म्हणजे सिंगल साइडबँड ऐकायची सोयही, दोन्हींत आहे. हॅम लोकांचं बोलणं साध्या सेटवर बदक क्वॅकक्वॅक करतंय असं ऐकू येतं. त्यांच्या लहरीतून मूळ वाहक लहर आणि एक बाजू काढून टाकलेली असते. ती वाहक लहर सेटने स्वतः भरली की माणसाचा आवाज उमटतो. आज नाही तर सहा महिन्यांनी याची हौस येतेच. म्हणून पीएल-३१० सारखा बिनएसएसबीचा सेट घेऊन पुन्हा खर्च करू नका.

फरक पाहायचा तर आधी बॅटरी पाहा. पीएल-३३० मध्ये बीएल-५सी लागते, जुन्या नोकियातली. तालुक्याच्या कुठल्याही मोबाइल दुकानात विचारा. डी-८०८ ला १८६५० लागते, टॉर्च आणि पॉवर बँकमधली. ती दुरुस्तीवाल्याकडे मिळते, पण दर्जा पाहून घ्यावी लागते. बदल्यात ती जास्त काळ टिकते. दोन्ही सेट मायक्रो-यूएसबीने चार्ज होतात.

शोधणं पीएल-३३० वर सोपं आहे. त्याचं ईटीएम प्लस बटण दाबलं की सेट आपोआप बँड चाळतो आणि सापडलेली केंद्रं तासागणिक वेगळी साठवतो. शॉर्टवेव्हवर संध्याकाळी सात आणि रात्री दहा म्हणजे दोन वेगळ्या बाजारपेठा, त्यामुळे ही सोय नुसती चैन नाही. ऐकायला मात्र डी-८०८ बरा. त्याचा स्पीकर भरदार आहे आणि मध्यम लहरीवर (मीडियम वेव्हवर) तो जास्त ओढतो. विमानांचं बोलणं ऐकायचा हवाई पट्टाही त्यात आहे, पण केवळ त्यासाठी पैसे मोजू नका.

मध्यम लहरीचं एक सांगतो, नाहीतर फसाल. आपल्याकडे केंद्रं नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. परभणीचं १३०५ घ्या. सेट दहाच्या पायरीवर लावून आला असेल, तर तो १३०० वरून थेट १३१० वर उडी मारतो आणि परभणी मधल्या मध्ये राहतं. पेटी उघडल्यावर पहिलं काम म्हणजे पायरी नऊवर घ्या.

मग कुणी काय घ्यावं? सेट पाहण्याआधी कुठे बसून ऐकणार ते पाहा. भाच्याच्या फ्लॅटमध्ये एलईडी बल्ब, वायफाय, चार्जर आणि शेजाऱ्याचा इन्व्हर्टर. तिथे कुठलाही सेट भुणभुणतो. त्याला मी पीएल-३३० सांगितला, कारण तो खिशात टाकून गच्चीवर जाता येतं. एकदा संध्याकाळी तो दहा हजार किलोहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळकेंद्राची टिकटिक शोधत होता. नुसती खरखर. तेवढ्यात अख्ख्या गल्लीची लाइट गेली, आणि टिकटिक घड्याळासारखी स्वच्छ. तेव्हापासून लोडशेडिंगला शिव्या न देणारा तो सोसायटीतला एकमेव माणूस आहे.

दाजींची गोष्ट वेगळी. रात्रीची लाइट असली की पाण्याची पाळी सांभाळत बांधावर बसतात, आजूबाजूला काळोख आणि शांतता. गोंगाट एकाच गोष्टीचा, सौर पंपाच्या कंट्रोलरचा, आणि तोही फक्त दिवसा. त्यांना डी-८०८ दिला. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून दहा मीटर तांब्याची तार आणली, टोकावरचं इनॅमल खरवडलं, कडुलिंबाच्या फांदीवर टाकली आणि दुसरं टोक चिमट्याने अँटेनाला जोडलं. याहून लांब तार लावली तर एवढासा सेट गुदमरतो, केंद्रं एकमेकांत मिसळतात. वळीवाचे ढग दिसले की तार काढून बाजूला टाकायची, हे मात्र मी दोनदा बजावलं.

परवा सकाळी सातलाच त्यांचा फोन आला. "पाव्हणं, हे लोक आकडे सांगून एकमेकाला राम राम कशाला घालायलेत?" हॅम मंडळी निरोप घेताना '७३' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. सात मेगाहर्ट्झवर एसएसबी कसं लावायचं, ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.