व्हॅक मशीन: गाउटच्या जखमेवर कामाचं, पण खडू खरवडल्यावरच

गाउटमध्ये युरिक ॲसिडचे स्फटिक साचून सांध्यांजवळ गाठी होतात. अशी गाठ फुटून चिघळलेल्या जखमेला व्हॅक मशीन लावतात: जखमेत फोम, वर हवाबंद पडदा, आणि नळीने आतला द्राव डब्यात ओढला जातो. मशीन चांगलं आहे, फक्त शस्त्रक्रियेनंतर. शस्त्रक्रिया टाळायला म्हणून लावलं तर पैसे पाण्यात.

जखमेच्या तळाशी दिसणारा पांढरा लगदा पुष्कळदा पू नसतो, युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) स्फटिक असतात, म्हणजेच खडू. ते तसेच ठेवून मशीन लावलं तर फोमची छिद्रं आणि नळी बुजते आणि ब्लॉकेजचा अलार्म थांबत नाही. म्हणून आधी क्युरेटने (चमच्यासारख्या हत्याराने) खरवडून सलाइनने भरपूर धुणं आलं. मात्र गाठ मुळासकट उपटायचा हट्ट नको. ती टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला), नसांना चिकटलेली असते आणि वरची कातडी कागदासारखी पातळ. जास्त सोललं की कडा काळ्या पडतात. उरलेला खडू औषधाने हळूहळू विरघळतो. स्फटिक तपासायचे असतील तर नमुना अल्कोहोलमध्ये पाठवावा. फॉर्मेलिनमध्ये ते विरघळून जातात. कल्चरसाठी (जंतू तपासायला) वेगळा तुकडा, कोरडाच.

दाब साधारण उणे १२५ मिमी पारा. काळा फोम जखमेच्या मापाचाच कापावा, चांगल्या कातडीवर चढला की ती सोलते. टेंडन उघडी असेल तर खाली पांढरा फोम किंवा न चिकटणारी जाळी. ड्रेसिंग ४८ ते ७२ तासांनी बदलायचं आणि दर वेळी तुकडे मोजायचे, कारण आत राहिलेला फोम जखम पुन्हा चिघळवतो. मशीन २ तासांपेक्षा जास्त बंद पडलं तर फोम काढून साधं ओलं ड्रेसिंग करावं.

खरी अडचण पायाच्या बोटांत येते. बेचक्यात सील टिकत नाही, हवा शिरते. तिथे सीलिंग पेस्ट भरावी लागते. पायात रक्तपुरवठा कमी असेल, हाडाच्या इन्फेक्शनवर उपचार झाले नसतील, तर मशीन नकोच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डब्यावर नजर हवी. ताजं लाल रक्त दिसलं की बंद.

ऑपरेशननंतर गाउटचा झटका येऊ शकतो. सांधा लाल, ताप, आणि सगळे जखमेला दोष देतात. किडनी साथ देत असेल तर डॉक्टर आधीच झटका टाळणारं कोल्चिसिन सुरू करतात. युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर थांबवत नाहीत. अशा मोठ्या गाठींत रक्तातल्या युरिक ॲसिडचं लक्ष्य डेसिलिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली, नेहमीचं ६ पुरत नाही.

तळ लाल, दाणेदार झाला आणि टेंडन झाकली गेली की मशीन काढून त्वचारोपणाचं बघावं.