कोल्डप्ले नेरूळमध्ये : आखीव कार्यक्रमाची गंमत आणि मर्यादा

सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून गाणे ऐकणाऱ्या पुणेकर श्रोत्याला स्टेडियममधला रॉक कार्यक्रम प्रथम खटकतो तो त्याच्या आखीवपणामुळे. मैफलीत गायक समोरच्यांचा अंदाज घेऊन राग किती फुलवायचा हे तिथल्या तिथे ठरवतो. कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमात मात्र कोणते गाणे कोणत्या उजेडात येणार आणि कागदाचे कपटे कधी उधळले जाणार, हे सारे आधीच बांधलेले असते. जानेवारी २०२५मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला झालेल्या कार्यक्रमांचे मूल्यमापन याच मुद्द्यावर व्हायला हवे, असे मला वाटते.

मार्च २०२२मध्ये कोस्टा रिकात सुरू झालेला बँडचा हा जागतिक दौरा तेव्हा तिसरे वर्ष संपवत आला होता. जानेवारी २०२५मध्येच अबू धाबीचे चार कार्यक्रम उरकून ही मंडळी इथे आली होती आणि पुढे अहमदाबाद, हाँगकाँग, सोल, उत्तर अमेरिका, शिवाय लंडनच्या वेम्ब्लीत तब्बल १० रात्री ठरलेल्या होत्या. इतक्या धावपळीत पाट्या टाकण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु क्रिस मार्टिन यांच्या गाण्यात आणि विशेषतः विल चॅम्पियन यांच्या ड्रमवादनात कंटाळा कुठे जाणवला नाही. आधी गायलेल्या जसलीन रॉयल आणि एलियाना यांना गर्दीने सौजन्याने ऐकून घेतले, एवढेच म्हणता येईल.

कार्यक्रमाची खरी करामत प्रत्येकाच्या मनगटावर होती. प्रवेश करताना मिळणारा दिव्यांचा पट्टा दुरून नियंत्रित होतो, त्यामुळे सारा प्रेक्षकवर्गच रोषणाईचा भाग बनतो. एरवी स्टेडियममध्ये मागे बसलेल्याला गायक बोटाएवढा दिसतो आणि तो बिचारा पैसे मोजून पडदाच पाहत राहतो. इथे हा हिशेब उलटला होता, कारण 'यलो' हे गाणे सुरू होताच पिवळा झालेला स्टेडियमचा तो विस्तीर्ण वाडगा सर्वांत चांगला दिसला तो वरच्या, स्वस्त जागांवरून. वनस्पतिजन्य पदार्थापासून बनवलेले हे पट्टे जाताना परत द्यायचे असतात, आणि कोणत्या शहराने किती टक्के परत केले हे पडद्यावर झळकत असल्यामुळे लोक ते इमानेइतबारे पेटीत टाकत होते. (आपल्याकडे कचरा वर्गीकरणासाठी ही युक्ती कोणी का वापरत नाही, कोण जाणे.)

'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' हे गाणे मध्येच थांबवून मोबाइल खिशात ठेवण्याची विनंती हे लोक गावोगावी करतात, म्हणजे ती उत्स्फूर्तताही ठरवलेलीच. तरीही त्यानंतरची काही मिनिटे हजारो माणसे खरोखर मोकळ्या हातांनी नाचली, हे मान्य केले पाहिजे. परग्रहवासीयांचे मुखवटे आणि चष्म्यांचा खेळ मला पोरकट वाटला. बँडमधले चौघे जण मुख्य मंच सोडून गर्दीतल्या छोट्या मंचावर दाटीवाटीने उभे राहिले, तेव्हा मात्र जॉनी बकलंड यांची गिटार आणि गाय बेरीमन यांचा बेस यांना प्रथमच श्वास घ्यायला जागा मिळाली. असे प्रसंग आणखी हवे होते.

२६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला गेला, तोही मी घरी पाहिला. चेहरे आणि बोटे त्यात कितीतरी स्पष्ट दिसली, पण उजेडाचा तो समुद्र चौकटीत मावला नाही. म्हणून यापुढे कोणी पुण्याहून अशा कार्यक्रमाला निघाले, तर उभ्या जागेपेक्षा (जानेवारी २०२५मध्ये ती ६४५० रुपयांना होती) वरची बैठक (तेव्हा २५०० रुपयांपासून) घ्यावी आणि उरलेले पैसे नवी मुंबईतल्या मुक्कामासाठी राखावेत. कार्यक्रम सुटल्यावर गर्दीतून वाट काढत रात्री घाट चढण्यात काही अर्थ नाही.