खोक्यावर ५.१, आत दोनच

पाच हजारांच्या आत कोणी ‘५.१ सराउंड’ लिहिलेला खोका पुढे केला, तर आवाज ऐकायच्या आधी वूफरची, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाच्या मोठ्या डब्याची, पाठ बघा. ५.१ म्हणजे भोवती पाच स्पीकर आणि एक वूफर, सहांना आपापला वेगळा आवाज. कॉम्प्युटरकडून येणाऱ्या वायरींसाठी तिथे किती भोकं आहेत ती मोजा. एक लाल आणि एक पांढरं, एवढंच असेल तर तो सेट ५.१ नाही. खोक्यावर काहीही छापलेलं असो आणि दुकानदार काहीही सांगो. हे ज्ञान मला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चार हजार आठशे रुपये मोजून मिळालं. असे खोके तिथे आणि ऑनलाइनही राजरोस विकले जातायत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बजेट पाच हजारच होतं, त्यावर एक रुपया नाही. घरच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरच्या बोर्डवर मागे आवाजाची सहा रंगीत भोकं आहेत, म्हणजे ५.१ची सोय पहिल्यापासून होती, फक्त स्पीकर नव्हते. मुलाला गेम खेळताना मागून येणारी पावलं ऐकायची होती, मला सिनेमे बघायचे होते. ऑनलाइन फोटो सगळे सारखेच दिसतात, तेव्हा प्रत्यक्ष ऐकून घ्यावं म्हणून ग्रँट रोडला उतरलो.

दुकानातला डेमो नीट सांगतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. दुकानदाराने सेट कॉम्प्युटरला जोडलाच नाही. वूफरच्याच पोटात यूएसबीचं भोक असतं, त्यात त्याने आपला पेन ड्राइव्ह खुपसला. आधी हेलिकॉप्टरचा आवाज, मग काच फुटल्याचा, मग एक ढोलाचं गाणं. बास पूर्ण चढवलेला. काउंटरवरच्या फळ्या थरथरत होत्या, बाहेर टॅक्स्यांचे हॉर्न चालू होते. “साब, पाँचों बज रहे हैं ना? पास जाके सुनो,” म्हणत त्याने मला एकेका स्पीकरला कान लावायला लावला. पाचही वाजत होते. प्रश्न पाच वाजतात का हा नव्हताच. पाचांतून वेगवेगळं काय येतंय, हा होता. आणि पेन ड्राइव्हवरच्या साध्या एमपी३ गाण्यात असतात दोनच चॅनल, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे प्रवाह, डावा आणि उजवा. खरा ५.१ सेट असता तरी त्या गाण्यावर तो सिद्ध झाला नसता, आणि खोटा असता तरी पकडला गेला नसता. डेमो म्हणूनच तसा बेतलेला असतो.

वूफरच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांची एकच जोडी मला तिथेच दिसली होती आणि मी विचारलंही होतं, की कॉम्प्युटरकडून तीन वायरी यायला हव्यात ना? उत्तर तयार होतं: “वो पुराना सिस्टम है साब. इसमें डिकोडर इनबिल्ट है, एक वायर से पाँचों अलग करता है.” इतक्या सराईतपणे सांगितलं की शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईकही मान डोलवायला लागलं.

घरी आणून जोडला. विंडोजमध्ये स्पीकरची मांडणी ५.१ केली आणि एक सिनेमा लावला. पार्श्वसंगीत दणदणीत, पाऊस जोरात, दारं आपटल्याचे आवाज खणखणीत, आणि माणसं मुकी! ओठ हलतायत, संवाद नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, फाइल खराब आहे.” दुसरा सिनेमा लावला, तेच.

याचं कारण सरळ आहे. ५.१ मध्ये संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनलवर असतात. कॉम्प्युटर तो मधला चॅनल आणि वूफरचा चॅनल नारिंगी भोकातून बाहेर काढतो, मागचे दोन काळ्यातून आणि पुढचे दोन हिरव्यातून. तीन भोकं, तीन वायरी, प्रत्येकीत दोन चॅनल, मिळून सहा. हेच ते पाच अधिक पॉइंट एक. बोर्डला तीनच भोकं असतील तर निळं आणि गुलाबी भोक सेटिंगमधून त्याच कामाला जुंपता येतं. माझ्या सेटला वायर एकच, ती हिरव्यात. नारिंगी आणि काळ्या भोकातून निघालेला आवाज घ्यायला पलीकडे कोणी नव्हतंच. संवाद कॉम्प्युटरच्या पाठीशीच संपत होते.

मग विंडोजची चाचणी लावली. साउंडच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक, तिथे स्पीकर्स निवडून कॉन्फिगर. चित्रातल्या एकेका स्पीकरवर क्लिक केलं की त्याच स्पीकरमधून टुण्ण आवाज यायला हवा. पुढचा डावा दाबला तर पुढचा डावा, मागचा डावा आणि मधला असे तिघं एकदम बोलले. उजव्याचंही तसंच. मधला दाबला, शांतता. मागचे दाबले, शांतता. वूफर दाबला, शांतता. सहापैकी चार चॅनल गायब. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि दुकानात लॅपटॉपवर करता येत नाही, कारण बहुतेक लॅपटॉपना आवाजाचं एकच भोक असतं. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

फोन केला तर म्हणाला, कॉम्प्युटरला स्टिरिओवर ठेवा, सगळं ऐकू येईल. खरंच ऐकू आलं. कारण स्टिरिओवर ठेवलं की प्लेअर सहाचे दोन चॅनल करून संवाद डाव्या-उजव्यात मिसळतो. म्हणजे पाच डबे, एक वूफर आणि भिंतीच्या कडेने ओढलेल्या वायरी, एवढा संसार मांडून ऐकायचं काय, तर जुन्या दोन स्पीकरवर ऐकत होतो तेच. मागच्या डब्यातून पुढचाच आवाज येत असल्यामुळे उलट जास्त गिचमिड.

‘इनबिल्ट डिकोडर’ या थापेबद्दल न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. दोन चॅनलमधून अंदाजाने सराउंड काढण्याचं तंत्र जुनंच आहे, डॉल्बीचं प्रो लॉजिक १९८७ पासूनचं. आणि ऑप्टिकल वायरीतून सहाही चॅनल आकड्यांच्या रूपात एकाच वायरीने जातात, हेही खरं. पण त्यासाठी सेटला ऑप्टिकलचं भोक आणि आत डिकोडरची चिप लागते. लाल-पांढऱ्या पिनेतून सहा वेगवेगळे चॅनल येत नाहीत. ब्लूटूथवरून येतो तोही स्टिरिओच, त्यामुळे ‘ब्लूटूथ ५.१’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं की खूश होऊ नका. कधी कधी तो ५.१ म्हणजे नुसता ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा असतो. ही तर कमालच आहे, छापलेलं खोटंही नाही आणि गिऱ्हाईक मात्र गंडतं.

आमच्या डोंबिवलीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे वूफर उघडून घेतला. वॉरंटी नव्हतीच, त्यामुळे जायचं काही नव्हतं. काकांनी बोर्ड उलटा केला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाखवलं: पुढच्या डाव्याची आणि मागच्या डाव्याची वायर एकाच जागी सोल्डर केलेली. उजव्याचीही तशीच. मधल्याला दोन्हींचं मिश्रण. डिकोडर वगैरे काही नाही, एक छोटी यूएसबी-ब्लूटूथची पट्टी आणि आवाज वाढवणाऱ्या तीन आयसी. मग त्यांनी एक छोटा डबा खोलला. समोरून दोन गोल दिसत होते, खाली कागदी कोन आणि वर बारीक आवाजासाठीचा चंदेरी ट्वीटर. चंदेरी गोल मागून बोटाने ढकलला, तर तो टपकन टेबलावर पडला. नुसती प्लॅस्टिकची टोपी! ना मॅग्नेट, ना वायर. काका हसले, “हे काय आजचं नाही. माझ्याकडे अशा टोप्यांचा डबा भरेल.”

आता वॅट. खोक्यावर ‘१०,००० वॅट पीएमपीओ’ आणि मागच्या पट्टीवर, बारीक अक्षरात, विजेचा वापर ४० वॅट. भिंतीतून ४० वॅट घेणारं यंत्र दहा हजार वॅट बाहेर कसं टाकेल? त्या चाळिसातलेही बरेच उष्णतेत जातात. पीएमपीओ या आकड्याला कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही, ज्याला जो वाटेल तो आकडा तो छापतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती ताकद. तुलनेसाठी सांगतो, लॉजिटेकचा झेड ५०६ हा खरा ५.१ सेट होता, मागे तीन पिनांची सोय असलेला. त्यावर कंपनीने एकूण ७५ वॅट आरएमएस लिहिलं होतं, त्यातले २७ वूफरचे. जिचं नाव चालतं ती कंपनी ७५ लिहिते आणि बिननावाची दहा हजार, यातच काय ते आलं.

बिननावाची म्हणजे अगदीच बिननावाची नाही. एका प्रसिद्ध नावातलं एक अक्षर बदललेलं होतं. पण खोक्यावर आयातदाराचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, ग्राहक सेवेचा नंबर नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे या गोष्टी छापणं सक्तीचं आहे. छापलेली होती फक्त एमआरपी, १२,९९९ रुपये. ती छापण्यात त्यांचा फायदा असतो, कारण तीवर काट मारून ४,८०० म्हणता येतं.

सेट परत घेऊन गेलो तेव्हाचा त्याचा युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. “आवाज आ रहा है? पाँचों चालू हैं? फिर डिफेक्ट क्या है?” चाचणी दाखवतो म्हटलं तर म्हणे कॉम्प्युटरच जुना आहे. शेवटी बिलावरच्या ओळीवर बोट ठेवलं, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. तेही बिल कच्चं. कागदाच्या चिटोऱ्यावर ‘स्पीकर सेट’ आणि रक्कम, दुकानाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. पक्कं बिल मागितलं तेव्हा “उसका टॅक्स अलग लगेगा” म्हणाला होता. पैसे यूपीआयने दिले होते, पण मोबाइलवर नाव उमटलं ते दुकानाचं नव्हे, कोणा भलत्याच माणसाचं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पलीकडून नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न बिलाचा आणि दुकानाच्या पूर्ण नावाचा. चिटोरं पाठवलं. त्यावर पुढे काही झालं नाही. तुमच्याकडे पक्कं बिल असेल तर मात्र हात बरेच बळकट आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणंही त्यातच येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही. म्हणून बिलावर नुसतं ‘स्पीकर’ नको. ‘५.१ चॅनल, तीन इनपुट’ असं लिहून मागा. ते लिहायला दुकानदार काचकूच करायला लागला तर तिथेच उत्तर मिळालं. घरी निघण्याआधी यूपीआयवर नाव कोणाचं येतंय तेही बघा.

पाच हजारांत नवा खरा ५.१ मिळणं अवघडच आहे. एवढ्या पैशात पाच डबे, वूफर, अॅम्प्लिफायर आणि वायरी बसवायच्या तर कुठेतरी टोपीच चिकटवावी लागणार. त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा दोन स्पीकरचा किंवा वूफरसकट २.१ सेट घ्या, सिनेमाला पुरतो. गेमसाठी दिशाच हवी असेल तर बरा हेडफोन जास्त कामाचा. अगदी ५.१च हवा असेल तर जुन्या बाजारात तीन पिनांचा सेट बघा. विकणाऱ्याच्या घरी डेस्कटॉप असेल तिथे चाचणी लावून बघा आणि मागच्या स्पीकरच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, तेही.

आमचा सेट मी शेवटी विकायला काढला. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं की हा ५.१ नाही, दोनच चॅनल आहेत, ट्वीटर खोटे आहेत, किंमत पंधराशे. शेजारच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची दोन पोरं आली. मी परत सगळं समजावून सांगायला लागलो, तर एकाने मध्येच थांबवलं. “ते राहू दे हो काका. पाचही वाजतात ना?”

वाजतात म्हटलं. घासाघीस करून बाराशेला घेऊन गेली.