लिनक्स मिंट काही महिने वापरल्यावर: सगळं ठीक, फक्त ते /बूट सांभाळा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि आमचा लॅपटॉप काही 11 च्या अटीत बसत नव्हता, म्हणून एमजी रोडवरच्या एका दुकानातून लिनक्स मिंट 22 (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून घेतलं. तेव्हापासून अंबडच्या वर्कशॉपची बिलं, कोटेशन, जीएसटी रिटर्न सगळं यावरच चाललंय. रिटर्न ओटीपीवर जातं त्यामुळे डिजिटल सिग्नेचरची कटकट नाही, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे, आणि मशीन आधीपेक्षा फास्ट चालतं हे खरंच आहे.

आता लफडं. दुकानदाराने डिस्क एनक्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) करून दिली, चांगलंच केलं, पण अशा सेटअपमध्ये /बूट (/boot, मशीन सुरू करायच्या फाईली ठेवायचा डिस्कचा भाग) वेगळं लागतं आणि ते पठ्ठ्याने हाताने 300 एमबीचं केलं. एक कर्नल (सिस्टीमचा गाभा, अपडेटबरोबर नवीन येत राहतो) आणि त्याची इनिटआरडी (initrd, सुरू होताना लागणारी) फाईल मिळून 80-100 एमबी सहज खाते, जुने कर्नल आपोआप जातीलच असं नाही, मग तिसरा-चौथा कर्नल आला की जागा संपणारच ना.

झालं तसंच. अपडेट अर्ध्यात अडकलं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. इकडे फाईल मॅनेजर दाखवतोय दीडशे जीबी रिकामी! टर्मिनलमध्ये डीएफ -एच (df -h, कुठे किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) मारल्यावर कळलं, /बूट 100 टक्के. आणि यातला खरा वैताग म्हणजे कर्नल अर्धवट राहिला की साधं प्रिंटरचं पॅकेज (सॉफ्टवेअर) टाकायला गेलं तरी सिस्टीम आधी तो कर्नल पूर्ण करायला बघते आणि तिथेच परत आपटते. नको असलेली पॅकेजेस काढणारी ऑटोरिमूव्ह (apt autoremove) कमांड पण चालेना, 'आधी अर्धवट पॅकेज नीट करा' म्हणे, आणि ते नीट करायला जागा नाही. बसा बोंबलत.

सुटलं ते असं. आधी यूनेम -आर (uname -r) ने चालू कर्नल कुठला ते बघितलं, त्याला अजिबात हात लावायचा नाही. मग /बूटमधली सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी फाईल सुडो (sudo, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) लावून उडवली, तेवढ्याने श्वास घ्यायला जागा झाली. त्यानंतर एपीटी -एफ इन्स्टॉल (apt -f install) मारलं, अर्धवट राहिलेलं पूर्ण झालं, आणि मग ऑटोरिमूव्ह --पर्ज (apt autoremove --purge) ने जुने कर्नल रीतसर काढले. फाईल उडवून तिथेच थांबू नका, पॅकेज तसंच राहतं आणि पुढच्या अपडेटला ती फाईल परत तयार होऊ शकते.

अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन टॅबखाली जुने कर्नल आपोआप काढायचा पर्याय आहे, तो चालू करून टाका. इनिटआरडी बनवणाऱ्या इनिटरॅमएफएसच्या (initramfs) सेटिंगमध्ये मॉड्यूल्स (ड्रायव्हर) 'मोस्ट'चं (most, जवळपास सगळे) 'डेप' (dep, फक्त या मशीनला लागणारे) केलं की इनिटआरडी बरीच बारीक होते, पण मग तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही, म्हणून मी ते केलं नाही. लॅपटॉप जुना आहे, उद्या मदरबोर्ड गेला तर डिस्क काढूनच लावावी लागणार.

नवीन टाकून घेणार असाल तर दुकानात उभं राहून /बूट किमान 1 जीबीचं करायला सांगा, 'एवढं लागत नाही साहेब' म्हणतील, ऐकू नका. आमचं आता वाढवायचं तर मागचं एनक्रिप्टेड पार्टिशन सरकवावं लागेल, ऐन सीझनला तो उद्योग नको. मार्चएंडची बिलं संपली की बॅकअप घेऊन सरळ नव्यानेच टाकणार, तोवर दोनच कर्नल.