स्ट्रीटमिक्स : रस्त्याची रुंदी वाटून देणारे साधन

ब्राउझरमध्येच चालणारे स्ट्रीटमिक्स हे साधन रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कापला तर दिसेल तसे चित्र, मांडून दाखवते. पदपथ, सायकलमार्ग, झाडे असे तुकडे ओढून आणायचे आणि त्यांची रुंदी ठरवायची. मोटारींची मार्गिका 3.5 मीटरवरून 3 मीटरवर आणली, की वेगाला आळा बसण्यास मदत होते आणि वाचलेल्या अर्ध्या मीटरमुळे 1.3 मीटरचा चिंचोळा पदपथ 1.8 मीटरचा, म्हणजे दोन चाकखुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील इतका होतो, हे येथे चटकन दिसते. तुकडे रस्त्यात मावेनासे झाले तर साधन तसे बजावतेही, आणि रहिवाशांच्या बैठकीतला निम्मा वाद (माझ्या मते) तिथेच मिटावा. मात्र चौक छेदात मांडता येत नाही, आणि वळणाऱ्या वाहनांमुळे पादचाऱ्यांना मोठा धोका तिथेच असतो. त्यासाठी वेगळा नकाशा काढावाच लागतो.