‘तर’ नव्हतं, ‘तरच’ होतं: क्लॅटच्या क्लासमध्ये गेलेले 68,500

68,500 रुपये, मुलीच्या क्लॅटच्या, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी. रजिस्ट्रेशन 3,500, फी 45,000 आणि ‘कंडिशनल लॉजिक’ म्हणजे जर-तरच्या तर्काच्या ‘स्पेशल बॅच’चे 20,000. पावती फक्त 45,000 ची. उरलेले 23,500 सरांच्या मिसेसच्या नंबरवर यूपीआयनं मी माझ्या हातानं पाठवले. खाजगी नंबरवर पैसे मागितले की तिथूनच उठून या. क्लासचं नाव वकीलबाईंनी सध्या लिहू नका म्हणून सांगितलंय.

मी चौदा वर्षं पतसंस्थेत कर्जाचे कागद तपासते. त्यामुळे ‘फॉर्म वाचला नव्हता का?’ असं कोणी विचारलं की अंगाची आग होते. वाचला होता! पण मुलगी बारावीत, क्लॅट 7 डिसेंबरला, आणि जूनअखेर ‘शेवटच्या चार जागा’ म्हणून रोज दोन-दोन फोन. माझ्या जागी कोणतीही आई घाबरली असती.

कळायला हवं होतं ते डेमोच्या दिवशीच. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘गंगापूर धरणातून पाणी सोडलं तर गोदावरीची पातळी वाढते.’ त्याखाली, ‘पातळी वाढली, म्हणजे पाणी सोडलं.’ मुलगी माझ्या कानात म्हणाली, “आई, हे चूक आहे. शहरातच धो धो पाऊस झाला तरी रामकुंडावर पाणी चढतं.” बरोबर होतं तिचं. त्या वाक्यावरून फार तर एवढंच म्हणता येतं, की पातळी वाढलीच नसेल तर पाणी सोडलेलं नाही. मी नाशिकची, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून पुराचा अंदाज बांधणाऱ्या गावातली. मला हे कळायला क्लास लागत नाही. तरी मी तिला गप्प केलं. “सर आहेत ते, त्यांना कळतं.” हे माझंच वाक्य रात्री आठवतं आणि झोप उडते. त्याच संध्याकाळी 20,000 पाठवले.

मिळालं काय? स्पायरल मारलेल्या झेरॉक्स. एलसॅट या अमेरिकेतल्या लॉ प्रवेश परीक्षेतले ‘लॉजिक गेम्स’: सात माणसं, सात खुर्च्या, अमुक बसला तर तमुक बसणार नाही. त्या परीक्षेनंच हा भाग ऑगस्ट 2024 पासून काढून टाकलाय. क्लॅटमध्ये तर 2020 पासून उतारे येतात, युक्तिवाद कुठे लंगडा पडतो ते उताऱ्यातून ओळखायचं असतं. 120 प्रश्न, 120 मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. आणि माझी पोरगी चार महिने खुर्च्या मांडत बसली. आधी जुने पेपर उघडा, क्लासच्या नोट्स शेजारी ठेवा, मग फीचं बोला.

निवड झाली नाही. ‘निवड नाही झाली तर पैसे परत’ हे तोंडी कितीदा ऐकलं होतं. फॉर्मवर होतं, ‘सर्व 40 मॉक दिल्या असतील तरच परतावा.’ तिनं 40 च्या 40 सराव परीक्षा दिल्या, दोन तर तापात. सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, 40 दिल्याशिवाय मिळणार नाहीत असं लिहिलंय. 40 दिल्या की मिळतीलच, असं कुठे लिहिलंय?” फळ्यापुढे ज्याला हे कळत नव्हतं, त्याला पैसे परत द्यायच्या वेळी अचूक कळलं!

पोलिस ठाण्यात तीनदा गेले. “ताई, स्वखुशीनं दिलेत ना? मग ही दिवाणी बाब.” दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच मागितली तर म्हणे विश्वास नाही का. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या. कोचिंगवाल्यांनी निवडीची हमी द्यायची नाही, मुलानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करायची, असं त्यात स्पष्ट आहे. त्या गृहस्थांनी कागद उलटसुलट करून परत दिला, “आमच्याकडे असं काही आलेलं नाही.” मग या सूचना काढल्या कोणासाठी? चार अर्ध्या रजा गेल्या, रिक्षाचे पैसे वेगळे, आणि प्रत्येक टेबलावर बघतात असे की गुन्हा मीच केलाय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही, एवढं साधं वाक्यसुद्धा एकानं सांगितलं नाही. तेही वकीलबाईंकडूनच कळलं. तुम्ही आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

तोंडी हमी असेल तर फॉर्मवर लिहून मागा. ‘तरच’ दिसला तर ‘मग पैसे मिळतील’ हेही तिथेच लिहून सही घ्या.

जून 2025 च्या त्या स्पेशल बॅचमधल्या पालकांनो, लाजू नका. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि फॉर्मची प्रत शोधून ठेवा. आयोगात एकत्र तक्रार करण्याची परवानगी मागता येते, आणि आत्ता आम्ही तिघीच आहोत.